फ्लॉसचा सल्ला आणि फ्लॉसचा पुरावा

‘रोज दोन वेळा दात घासा आणि एकदा फ्लॉस करा, दात किडणार नाहीत, हिरड्याही निरोगी राहतील.’ या आशयाचा सल्ला आता आपल्याकडेही दंतवैद्यांच्या दवाखान्यांत आणि शाळेतील आरोग्य-तपासणीच्या वेळी ऐकायला मिळतो. फ्लॉस म्हणजे दोन दातांच्या फटीत घालून दातांच्या बाजू पुसून काढण्याचा बारीक दोरा. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य लीव्हाय स्पिअर पार्मली यांनी १८१९ सालच्या आपल्या पुस्तकात यासाठी रेशमी धागा सुचवला होता. विसाव्या शतकात रेशमाची जागा नायलॉनने घेतली.

सल्ला साधा आहे आणि नीट पाळला तर निरुपद्रवीही आहे. तरीही शिक्षकाने त्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे. कारण या एका वाक्यात निदान तीन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. पहिले, फ्लॉसने दातांच्या फटीतील थर निघतो. दुसरे, त्यामुळे हिरड्यांची सूज कमी होते. तिसरे, त्यामुळे दात किडत नाहीत. काही जण चौथेही जोडतात : फ्लॉसमुळे हृदयविकार टळतो. या चारही विधानांमागे पुराव्याचे वजन सारखे नाही. मुलांपुढे मात्र ती एकाच आवाजात आणि एकाच खात्रीने मांडली जातात. आरोग्यशिक्षणातील ही सवय तपासून पाहण्यासाठी फ्लॉस हे चांगले उदाहरण आहे.

फटीत काय साचते?

हॉलंडमधील डेल्फ्ट येथे राहणाऱ्या लेव्हेनहूक यांनी १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवले. ते रोज मिठाने दात घासत आणि दातकोरण्याने फटी साफ करत. तरीही दातांच्या मध्ये पांढरट, पिठाच्या लगद्यासारखा पदार्थ उरलेला त्यांना दिसे. तो पाण्यात मिसळून त्यांनी आपल्या भिंगाखाली ठेवला, तेव्हा त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव आढळले. जिवाणूंच्या पहिल्यावहिल्या निरीक्षणांपैकी हे एक. म्हणजे नियमित दात घासूनही फटीत काहीतरी उरते, ही गोष्ट तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदली गेली आहे.

हा पदार्थ म्हणजे अन्नाचे अडकलेले कण नव्हेत. जिवाणू आणि त्यांनीच तयार केलेला चिकट पदार्थ यांचा तो थर असतो. त्याला प्लाक म्हणतात. चूळ भरून तो निघत नाही, घासूनच काढावा लागतो. बरेच दिवस तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियमचे क्षार त्यात बसून त्याचे कडक किटण होते, आणि मग ते दंतवैद्याच्या हत्याराशिवाय सुटत नाही. ब्रशचे केस दाताची पुढची, मागची आणि चावण्याची बाजू साफ करतात. परंतु दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी ते पोचत नाहीत. दोरा पोचतो. एवढ्यावरून फ्लॉसचा उपयोग ‘उघडच’ आहे असे वाटते. मात्र यंत्रणा पटण्याजोगी असणे आणि परिणाम सिद्ध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि विज्ञानात दुसरी पायरी गाळून चालत नाही.

या थराने हिरड्या सुजतात, हे मात्र प्रयोगाने दाखवलेले आहे. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात साफ करणे पूर्ण बंद केले. थर वाढत गेला आणि १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. साफसफाई पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवड्याभरात सूज उतरली. कारण काढले की परिणाम जातो, कारण परत आणले की परिणाम परत येतो. माणसे केवळ बाराच होती, पण प्रयोगाची रचना इतकी स्वच्छ होती की निष्कर्ष आजही टिकून आहे.

२०१६ सालचा गदारोळ

अमेरिकेत सरकारी पातळीवर फ्लॉसची शिफारस १९७९ पासून होत आली होती. पुढे ती आहारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही आली. या मार्गदर्शिकेतील शिफारशी वैज्ञानिक पुराव्यावर आधारलेल्या असल्या पाहिजेत, असे तिथला कायदा सांगतो. २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने संबंधित खात्यांकडे फ्लॉसविषयीचा पुरावा मागितला आणि पुढे माहितीच्या अधिकाराखाली अर्जही केले. त्यानंतर मार्गदर्शिकेची जी नवी आवृत्ती निघाली तीत फ्लॉसचा उल्लेखच नव्हता. ऑगस्ट २०१६ मध्ये वृत्तसंस्थेने याची बातमी दिली. मागील दहा वर्षांतले २५ अभ्यास तपासून फ्लॉसच्या बाजूचा पुरावा कमकुवत आहे, असे तिने म्हटले.

बातमी जगभर पसरली आणि पसरताना तिचा अर्थ बदलला. ‘पुरावा कमकुवत आहे’ याचे ‘फ्लॉस निरुपयोगी आहे’ असे रूपांतर झाले. उलट बाजूला दंतवैद्यांच्या संघटनेने उत्तर दिले की पुरावा कमी म्हणजे उपयोग कमी असे नाही, आणि सरकारी खात्यानेही फ्लॉस ही महत्त्वाची सवय असल्याचे सांगितले. मार्गदर्शिकेतून तो वगळला गेला याचे कारण या वेळी भर आहारावर होता, असा खुलासा झाला.

या वादात दोन्ही बाजूंचे चुकले, असे माझे मत आहे. वर्तमानपत्री मथळ्यांनी ‘सिद्ध झालेले नाही’ आणि ‘नाही हे सिद्ध झाले आहे’ यांतील फरक पुसून टाकला. संघटनेचे म्हणणे तर्काला धरून होते. पण त्यातून एक अडचणीचा प्रश्न बाजूला राहिला. इतकी वर्षे इतक्या ठामपणे सांगितलेल्या सल्ल्याचा भक्कम पुरावा इतक्या वर्षांत गोळा का झाला नाही? धोका नाही आणि खर्च थोडा, म्हणून करा, असे सांगणे रास्त आहे. मात्र तो व्यवहाराचा सल्ला झाला. त्याला सिद्ध झालेल्या निष्कर्षाचा दर्जा देता येत नाही.

आढावे काय सांगतात?

एखाद्या प्रश्नावरच्या सर्व योग्य चाचण्या एकत्र करून त्यांचा मिळून निष्कर्ष काढणे याला पद्धतशीर आढावा म्हणतात. कॉक्रेन ही संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. फ्लॉसवरचा तिचा २०११ सालचा आढावा १२ चाचण्यांचा होता. एका गटातील ५८२ जणांनी ब्रश व फ्लॉस दोन्ही वापरले, दुसऱ्या गटातील ५०१ जणांनी फक्त ब्रश. फ्लॉस वापरणाऱ्यांच्या हिरड्यांची सूज कमी आढळली. किती कमी? ० ते ३ या मोजपट्टीवर एका महिन्याला ०.१३, तीन महिन्यांना ०.२० आणि सहा महिन्यांना ०.०९ इतकी. म्हणजे फरक खरा असला तरी लहान होता. थर कमी होतो की नाही, याविषयीचा पुरावा तर अगदीच डळमळीत होता. आणि दात किडण्यावर काय परिणाम होतो, हे या १२ पैकी एकाही चाचणीने मोजलेले नव्हते.

२०१९ साली याच संस्थेने फटी साफ करण्याच्या सर्वच साधनांचा आढावा घेतला. त्यात ३५ चाचण्या आणि ३,९२९ प्रौढ माणसे होती. चित्र फारसे बदलले नाही. फ्लॉसमुळे हिरड्यांची सूज कमी होत असावी, पण या निष्कर्षाची खात्री कमी, असे त्याचे सार आहे. फटीत घालायचे बारीक ब्रश फ्लॉसपेक्षा थोडे सरस ठरू शकतात, असेही त्यात दिसते. तिथेही खात्री कमीच. हे संभवनीय का वाटते, त्याला शरीररचनेचा आधार आहे. प्रौढांच्या हिरड्या थोड्या खाली सरकल्या की दातांच्या मुळांचा खोलगट भाग उघडा पडतो. ताणलेला दोरा अशा खळग्यावरून सरळ निघून जातो, ब्रशचे केस मात्र आत शिरतात. किडीबाबत मात्र २०१९ सालीही पाटी कोरीच होती. दातांच्या मधल्या बाजूंची कीड कोणत्याच चाचणीने मोजली नव्हती.

ही तुलना पाहा. फ्लुओराइड असलेल्या टूथपेस्टवरचा कॉक्रेनचा २००३ सालचा आढावा ७० चाचण्यांतील ४२,३०० मुलांच्या निष्कर्षांवर उभा आहे, आणि अशा टूथपेस्टने मुलांच्या कायमच्या दातांतील कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते, असे तो सांगतो. आपल्या सल्ल्याच्या वाक्यात ‘दात घासा’ आणि ‘फ्लॉस करा’ हे शेजारी शेजारी बसतात. पुराव्याच्या तराजूत मात्र एका पारड्यात हजारो मुलांवर मोजलेला परिणाम आहे आणि दुसरे पारडे जवळजवळ रिकामे.

मुलांवरच्या चाचण्या

‘जवळजवळ’ असे म्हटले, कारण लहान मुलांवर काही चाचण्या पूर्वी झालेल्या आहेत, आणि शिक्षकांनी त्या जरूर माहीत करून घ्याव्यात. फिलिप युजोल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशा सहा चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ४ ते १३ वर्षांची ८०८ मुले होती. एका चाचणीत शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित व्यक्ती मुलांचे दात स्वतः फ्लॉस करून देत असे. सुमारे पावणेदोन वर्षे हे चालले, आणि किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला. पण दर तीन महिन्यांनी एकदा फ्लॉस करून दिल्याने तीन वर्षांत लक्षणीय फरक पडला नाही. आणि जिथे किशोरवयीन मुले स्वतःच फ्लॉस करत होती, तिथे दोन वर्षांनंतरही फरक शून्याच्या आसपास होता.

म्हणजे दोऱ्यात काही अर्थच नाही, असे नव्हे. कुशल हाताने रोज केले तर, निदान फ्लुओराइड कमी मिळणाऱ्या आणि मुख्यतः दुधाचे दात असलेल्या मुलांत, लाभ मोठा होता. तेच काम मुलाच्या स्वतःच्या हाती आले की लाभ दिसेनासा झाला. कारण सल्ला लिहायला सोपा असला तरी कृती कठीण आहे. दोरा फटीतून वर-खाली ओढून चालत नाही. तो प्रत्येक दाताच्या बाजूला कमानीसारखा वळवून हिरडीच्या कडेपर्यंत न्यावा लागतो, तोही मागच्या दाढांपर्यंत. मोठ्यांनाही हे जमतेच असे नाही. झटक्याने दोरा घातला तर हिरडीला इजा होते ती वेगळीच.

वैद्यकीय सल्ल्यांबाबत हा फरक नेहमी ध्यानात ठेवावा. आदर्श परिस्थितीत एखादा उपाय लागू पडतो का, हा एक प्रश्न. आणि सामान्य माणसाला तो करायला सांगितला तर काय घडते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘फारसे नाही’ असू शकते, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

सूज आणि दात पडणे

आता कोणी म्हणेल, कीड राहू द्या, हिरड्यांची सूज कमी होते ना? मग पायोरियाही टळेल आणि दातही वाचतील. ही साखळीही सरळ नाही. ल्यो यांनीच श्रीलंकेतील दोन चहामळ्यांवरील ४८० पुरुष कामगारांचा अभ्यास १९७० साली सुरू केला आणि त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. हे कामगार दात साफ करण्याचे नेहमीचे कोणतेच साधन वापरत नव्हते आणि दंतवैद्याची सोयही त्यांना नव्हती. सर्वांच्या दातांवर थर आणि किटण होते, जवळपास सगळ्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही दातांच्या आधाराची झीज सर्वांची सारखी झाली नाही. ८ टक्के लोकांत ती झपाट्याने झाली, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत विकार सुजेच्या पुढे सरकलाच नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. दातांवर एवढा थर असूनही या लोकांत दातांची कीड जवळजवळ नव्हती. नुसता थर किडीला पुरेसा नसतो, हे यावरून ध्यानात येते. थरातील जिवाणूंना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. आम्लता वाढून सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातील क्षार विरघळू लागतात. साखर दिवसातून किती वेळा तोंडात जाते, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो. फ्लॉसच्या उत्साही जाहिरातीत तो सहसा विचारला जात नाही.

राहिला हृदयविकार. पायोरिया असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळते, हे खरे. पण दोन्ही विकारांना धूम्रपान, मधुमेह, वाढते वय अशी सामाईक कारणे आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले की हिरड्यांच्या विकारामुळे हृदयविकार होतो किंवा त्यांच्यावरील उपचारांनी तो टळतो, असे सिद्ध झालेले नाही. सहसंबंध आणि कारण यांतील फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

चांगली चाचणी का होत नाही?

किडीचा डाग दिसायला बराच काळ जातो. म्हणून शेकडो माणसांना काही वर्षे दोन गटांत ठेवावे लागेल आणि एका गटाला ‘फ्लॉस करू नका’ असे सांगावे लागेल. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटा फ्लॉस देता येत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला कळते आणि मग तो ब्रशही अधिक मन लावून करू लागतो. घरी रोज फ्लॉस केला का, याचे उत्तर माणसे खरे देतीलच असे नाही. शिवाय असा खर्च कोणी करावा, हाही प्रश्न उरतो. नुसत्या निरीक्षणावर भागवावे, तर जी माणसे नियमित फ्लॉस करतात ती बहुधा इतर बाबतींतही काळजी घेणारी असतात. त्यांचे दात चांगले असण्याचे श्रेय दोऱ्याला द्यायचे की त्यांच्या एकूण राहणीला, हे वेगळे काढता येत नाही. पुरावा नसण्यामागे अशी खरी कारणे आहेत. पण कारणे समजली म्हणजे पुरावा मिळाला, असे होत नाही.

वर्गात काय सांगावे?

माझ्या मते सल्ला क्रमाने आणि खात्रीच्या प्रमाणात द्यावा. गोड पदार्थ वरचेवर खाऊ नयेत आणि फ्लुओराइडयुक्त टूथपेस्टने रोज दोन वेळा नीट दात घासावेत, हे ठामपणे सांगावे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लुओराइड जास्त आहे. तिथे टूथपेस्टबाबत स्थानिक डॉक्टरांना विचारावे. मिश्री लावू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरी तंबाखू भाजून केलेली मिश्री त्याने थांबली नाही. ज्या गावात सकाळी मिश्री लावली जाते, तिथे फ्लॉसवर भाषण देणे म्हणजे घराला आग लागलेली असताना अंगण झाडणे होय.

फ्लॉसविषयी इतके म्हणावे : हिरड्यांची सूज त्याने थोडी कमी होत असावी, कीड टळते असे स्वतः फ्लॉस करणाऱ्यांत दिसलेले नाही, ज्यांना जमते आणि परवडते त्यांनी नीट शिकून जरूर करावे, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवावे. हे वाक्य तक्त्यावर शोभणार नाही, हे मान्य. पण ते खरे आहे, आणि उद्या नवी चाचणी झाली तर ते मागे घ्यावे लागणार नाही, फक्त दुरुस्त करावे लागेल. अवास्तव खात्रीने सांगितलेला सल्ला एखाद्या बातमीने कोसळला, की त्याच्यासोबत खरा सल्लाही कोसळतो. २०१६ साली अनेकांनी ‘दंतवैद्य काहीही सांगतात’ असा निष्कर्ष काढला असेल, तर त्यांना तरी किती दोष द्यावा?

आठवी-नववीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घेता येईल. लाल खाद्यरंगाचे थोडे थेंब अर्ध्या पेल्या पाण्यात घालून, दात घासल्यानंतर त्याने चूळ भरावी व मग साध्या पाण्याने एकदा खळखळून टाकावे. आरशात पाहिले की उरलेला थर रंगलेला दिसतो, बहुतेक वेळा फटींपाशी आणि हिरडीच्या कडेला. (रंग कपड्यावर पडू देऊ नये.) मग पुढचा प्रश्न विचारावा : फ्लॉसने हे डाग कमी होतात का, ते कसे तपासाल? एका बाजूच्या दातांना फ्लॉस, दुसऱ्या बाजूला नाही, असे केले तर? कोणती बाजू ते नाणे उडवून का ठरवायचे? डाग मोजणाऱ्याला ती बाजू माहीत नसलेली का बरी? दोन आठवडे पुरेत का? आणि डाग कमी झाले, तर त्यावरून कीड कमी झाली असे म्हणता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात मतभेद झाले, तर तास सत्कारणी लागला असे समजावे.